येसराच्या मागावर उदगीरपर्यंत

निघताना माझ्या बायकोने, सुमनने, एकच गोष्ट बजावली. "भायल्या खोलीत सगळेच बरे असतत. तुमी चूल बघून येवा."

आमची मुलगी मयुरी नांदेडला एका दवाखान्यात नर्स आहे. तिथेच तिची शिवकुमारशी ओळख झाली. तो तेव्हा तिथल्या लॅबमध्ये होता, आता लातूरला असतो. घर उदगीरला. लिंगायत माणसं, धान्याचं दुकान. मयुरी फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा त्यांच्याकडे राहून या. तुमच्या मनाला पटलं नाही तर मी पुढे जाणार नाही."

हे ऐकून बापाला बरं वाटायला हवं. मला घाम फुटला. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस, कुडाळात रिक्षा चालवतो. माझ्यापेक्षा चौपट शिकलेली मुलगी आपला जन्म माझ्या एका हो-नाहीवर टांगून ठेवते, याचं समाधान वाटण्याआधी भीतीच वाटली. सुमनला यायचं होतं. पण माझी आई अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून दोघांनी निघणं जमण्यासारखं नव्हतं. आणि पुरुषमाणसाने परक्याच्या घरी जाऊन चूल बघायची तरी कशी? नळाला पाणी येतं का, छताला ओल आहे का, हे विचारता येतं. चुलीचं काय विचारणार?

गाडीत कसा बसलो, कुठे बदललो, ते लिहीत नाही. तो वैताग सगळ्यांचा सारखाच असतो. आमच्या वाचनालयातली मंडळी म्हणाली, तिकडे आपल्यातलं कोणी गेलेलं नाही, तू पाहिलंस ते लिही. म्हणून लिहितो आहे.

नांदेड

नांदेडला उतरल्यावर पहिली जाणीव झाली ती आभाळाची. आमच्याकडे आभाळ डोंगरांच्या मधोमध अडकवल्यासारखं असतं. इथे ते सगळीकडे. कुठे टेकायला डोंगर नाही म्हणून मला उगीचच उघड्यावर आल्यासारखं वाटलं. मयुरीने मला गुरुद्वाऱ्यात नेलं, गोदावरीच्या घाटावर नेलं. तिथे बसून ती मराठवाड्याच्या सुरात कोणाशी तरी फोनवर बोलली, "हाव, आले की मी, येऊन राहिले." मी तिच्याकडे बघतच राहिलो. आमच्या घरातली पोर ती. पण बोलणं तिच्या तोंडात बसलं होतं.

ती जिथे जेवते ती खानावळ कमलताई चालवतात. मूळच्या हदगावच्या, आवाज खणखणीत. ताटात ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वाटीत एक तपकिरी, पातळ आमटी. डाळीची नव्हती. वास भाजलेल्या धान्याचा, चवीला किंचित करपल्याचा भास आणि मागून तिखट. मी विचारलं, "ताई, ह्यात काय आहे?"

"येसर हाय."

"म्हणजे काय?"

कमलताई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मयुरी, तुझ्या वडलाला येसर ठाऊक न्हाई? मग तिकडं पाव्हणे आल्यावर काय करता?"

"मासे आणतो," मी म्हटलं.

खानावळीतली पोरं हसली. कमलताई मात्र समजावून सांगायला बसल्या. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, मूठभर तांदूळ, उडीद, धने, जिरे, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि एकत्र दळून आणायचं. ते पीठ म्हणजे येसर. डब्यात भरून ठेवायचं. "दहा माणसाची आमटी अन् आले वीस, तर काय करता? पाणी वाढवायचं न वरून येसर लावायचा. कुणालाच कळत न्हाई. लग्नात तर येसराशिवाय पंगत उठत न्हाई आमच्याकडं."

मला तो शब्द आवडला. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी माझ्या डोक्यात एक युक्ती आली. चूल बघायला निमित्त नव्हतं, ते आता सापडलं. उदगीरला गेल्यावर विचारायचं, ताई, येसर कसा करतात? स्वयंपाकघराच्या दारापर्यंत तरी जाता येईल.

नायगाव, देगलूर

सकाळच्या एसटीने निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी वाळून उभ्या होत्या, मध्ये हरभऱ्याची हिरवी पट्टी, आणि माती काळी, आमच्या तव्यासारखी काळी. आमची तांबडी. नायगावला एक गृहस्थ शेजारी येऊन बसले, निवृत्त शिक्षक. कोण, कुठले, कशाला, हे विचारून झाल्यावर माझ्याकडे विचारण्यासारखं एकच होतं.

"गुरुजी, येसर हा शब्द कुठला?"

त्यांना आनंद झाला. म्हणाले, जुन्या संस्कृतात वेसवार म्हणतात वाटलेल्या मसाल्याला. त्याचा वेसर झाला, आणि आमच्या तोंडात वे टिकत नाही. "आम्ही वेडा म्हणतो का? येडा म्हणतो. येळ झाली म्हणतो. येशीत उभा हाय म्हणतो. तसा वेसराचा येसर. मसालाच तो. मराठवाड्यात येऊन यवढा साधा झाला इतकंच."

मला फार बरं वाटलं. शाळेत असताना कोणी असं सांगितलं असतं तर, असंही वाटून गेलं. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मुलगी देऊन राहिले नं? भिऊ नका. माणसं भाजलेली असतात इकडची, पण करपलेली नसतात." गुरुजी बोलून गेले ते चांगलं होतं, पण मला काही धीर आला नाही. देगलूरला गाडी थांबली तेव्हा आजूबाजूला तेलुगू ऐकू येऊ लागली, आणि मी मांडीवरची पिशवी आणखी घट्ट धरली.

उदगीर

शिवकुमारचे वडील बसवराज स्टँडवर घ्यायला आले होते. अंगाने भरलेले, कपाळाला विभूती, चेहरा हसरा. घर दुकानाच्या मागे, साधं, दोन मजली. शिवकुमारच्या आई महानंदाताई उंच, सडसडीत, कमी बोलणाऱ्या. कमी बोलणाऱ्या माणसांची मला भीती वाटते. रिक्षात बसलेलं गप्प गिऱ्हाईक भाडं झाल्यावर काय बोलेल ते सांगता येत नाही, तसंच.

जेवायच्या आधी बसवराज हातपाय धुऊन आत गेले, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केली, मग पाटावर बसले. मी तोवर हात मांडीवर ठेवून बसलो. ताटात पुन्हा येसराची आमटी होती. मी लगेच गुरुजींचं वेसवार सांगून टाकलं. आपण अगदीच अडाणी नाही, हे कळावं असं मनात असणार.

"बघ!" बसवराजांनी मांडीवर थाप मारली. "मी म्हणत होतो की न्हाई? येसर म्हणजे मसाला!"

महानंदाताई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "मसाला न्हाई. पाणी."

"झालं सुरू," बसवराज माझ्याकडे वळले. "लगीन झाल्यापास्न हेच भांडण चालू हाय बगा."

ताईंचं माहेर बीदरकडचं. त्यांच्या कानडीत येसरू म्हणजे भाताला ठेवलेलं आधण, उकळतं पाणी. तेलुगूवालेही त्याला तेच म्हणतात, असं त्या म्हणाल्या. "आधी पाणी ठेवायचं, मग त्यात काय घालायचं ते घालायचं. पाण्याचंच नाव आमटीला पडलं. पीठ नंतरचं."

"पाण्याला कोण डब्यात भरून ठेवतं?" बसवराज.

"न पिठाला कोण पितं?" ताई.

मला हसू आलं. त्या घरात पाय टाकल्यापासून पहिल्यांदाच. कोणाचं खरं, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही ठामपणे सांगता येणार नाही. दोघंही आपापल्या गावाहून शब्द घेऊन आलेली माणसं होती.

दुपारी मात्र घात झाला. सुमनने मयुरीसाठी सुके बांगडे बांधून दिले होते. नांदेडला तिला पिशव्या देताना नेमकी तीच पुडी माझ्याकडे राहिली होती, आणि माझ्या ध्यानातही नव्हतं. पिशवी ओसरीवर ठेवून मी जरा आडवा झालो. जाग आली ती बसवराजांच्या आवाजाने.

"पाव्हणं! मांजराला काय आणलंत?"

अंगणात शेजारचं मांजर कागद फाडून बसलं होतं. एक बांगडा त्याच्या तोंडात, बाकीचे तुळशीच्या कट्ट्यापर्यंत पसरलेले. शाकाहारी माणसांचं अंगण! मला वाटलं, हातपाय विरघळून जातील तर बरं. बसवराज पोट धरून हसत होते. महानंदाताई हसत नव्हत्या. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. मी धावत जाऊन सगळं गोळा केलं, कट्टा धुतला, पुन्हा धुतला. चुकलो, माफ करा, एवढंच बोलत राहिलो.

ताईंनी विचारलं, "मयुरीला आवडतं?"

"हो. लहानपणापासून."

"मग भाऊ, आत्ताच सांगते. या घरात ते शिजणार न्हाई. मला जमणार न्हाई, न मी खोटं कशाला बोलू. लातूरला त्यांचं घर ऱ्हाईल, तिथं तिची न शिवाची मर्जी. मी तिथं गेले तरी तिच्या कढईत डोकावणार न्हाई. पण इथं न्हाई."

मग त्या आत गेल्या आणि घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन आल्या. "यात भरा. डबा तिच्याकडंच ऱ्हाऊ द्या, परत नको मला."

खरं सांगतो, मला ते लागलं. बोलणं सरळ होतं, डबाही चांगल्या मनाने दिला होता, पण माझ्या डोळ्यांसमोर लहानपणची मयुरी आली, बाजारातून मी मासे घेऊन आलो की पिशवी हातातून ओढून घेणारी. सणाला, बाळंतपणाला, आजारपणाला इथे येईल तेव्हा? मी कोपऱ्यात जाऊन सुमनला फोन केला. तिने लगेच विचारलं.

"मगे? काय ठरवल्यात?"

"काय समजत नाय."

"चूल बघल्यात?"

"अजून नाय."

"मगे काय बघल्यात?" तिने फोन ठेवला.

संध्याकाळी मी धीर केला. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हटलं, "ताई, येसर कसा लावतात ते बघू का?"

बसवराज बाहेरून ओरडले, "जावा की! पण आत गेला की काम लावती ती!"

स्वयंपाकघर लहान, नीट पुसलेलं. भाकऱ्या टोपलीत, भात होऊन बाजूला झाकलेला. एका शेगडीवर ताईंनी लसूण-मिरचीची फोडणी देऊन पाणी ओतलेलं. शेजारच्या शेगडीवर एक झाकलेलं पातेलं होतं, बारीक आचेवर. मी म्हटलं, आमच्याकडे कुळथाची पिठी करतात, ती मला येते.

"कुळीथ म्हणजे हुलगे नं? त्याचे शेंगोळे करतो आम्ही," ताई म्हणाल्या. "येते तर मग करा की. हा येसर, हा चमचा."

मी आजवर पिठी शेकडो वेळा केली असेल. उकळत्या पाण्यात पीठ भुरभुरायचं, हलवत राहायचं, दाट आली की उतरवायची. पिठी दाट नसेल तर आमच्याकडे तिला धुवण म्हणतात. तोच हात चालला. ताई काही बोलल्या नाहीत. भाजलेल्या धान्याचं ते पीठ मात्र कुळथासारखं नव्हतं. आधी काही झालं नाही म्हणून मी आणखी घातलं, मग आणखी, आणि मग पातेल्यातली आमटी एकदम बसली. पळी उभी राहिली. बुडबुडा आला तो फुटेना.

बसवराज तेवढ्यात डोकावले. "अबब! पाव्हणं, ही जेवायला हाय का भिंतीला?"

दुपारी बांगडे, आता हे. दुसरं पातेलं ठेवावं लागणार, एवढं धान्य वाया जाणार, ही माणसं म्हणणार, बापच असा तर मुलगी कशी? मी पिण्याच्या पाण्याच्या तांब्याकडे हात नेला.

"थंड नका वतू. चव मोडती." ताईंनी शेजारच्या शेगडीवरचं झाकण काढलं. आत नुसतं पाणी होतं, खळखळ उकळणारं. त्यांनी पातेलं माझ्याकडे सरकवलं. "हे वता. हळूहळू. हलवत ऱ्हावा."

मी ओतत गेलो. गिलावा सैल झाला, मग फिरू लागला, मग परत आमटी झाली. दुपारच्यासारखीच तपकिरी. ताईंनी चिमूटभर मीठ टाकलं, चव बघितली आणि मान हलवली.

मी विचारलं, "ताई, भात तर झाला होता. हे पाणी कशाला ठेवलं होतं?"

"तुमच्यासाठी."

मला कळलं नाही. त्या शेगडी बंद करत म्हणाल्या, "नवा हात येसर घट्टच करतो, भाऊ. सांगून उपेग नसतो. मी या घरात नवी आले तवा असाच केला होता. घरात पंगत बसलेली. मी रडायलाच लागले. सासूबाई काही बोलल्या न्हाईत. त्यांनी शेजारी आधण ठेवलेलंच होतं. म्हणल्या, रडू नको, वत."

"न तवापास्न हिला वाटतं, येसर म्हणजे पाणी," दारातून बसवराज म्हणाले. पण ह्या वेळी ते भांडणाच्या सुरात नव्हतं.

आम्ही जेवलो. मी दोन वाट्या आमटी घेतली. माझ्याच हातची, पण माझी एकट्याची नव्हे. दिवसभर मी चूल बघायची म्हणत होतो, म्हणजे ओटा, भांडी, डबे, स्वच्छता, असंच काहीतरी माझ्या मनात होतं. शेजारी झाकून ठेवलेलं पाणी बघायला हवं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सुमनलाही ते शब्दांत सांगता आलं नसतं. मासळीचं दुखणं तसंच होतं, ते आधणात विरघळलं नाही. पण जिथे नाही म्हणायचं तिथे तोंडावर नाही म्हणणारी आणि जिथे चूक होणार तिथे आधीच पाणी तापवून ठेवणारी बाई, ही माझ्या मुलीला मी कुठून शोधून आणली असती?

लातूर

सकाळी निघताना ताईंनी येसराची पुडी आमच्या घरासाठी दिली. लातूरच्या स्टँडजवळ मयुरी आणि शिवकुमार दोघंही आली होती. मयुरी नांदेडहून पहाटेच्या गाडीने आलेली, डोळे तांबारलेले. शिवकुमार बापाच्या वळणाचा, पण आईसारखा गप्प. चहा आला. त्याने माझा कप आधी माझ्याकडे सरकवला आणि स्वतःचा तसाच ठेवून दिला. प्यायला धीर होत नसावा. त्याला बघून मला माझीच कीव आली.

मी मयुरीला डबा दिला. "हा तुझ्या सासूने दिलाय. परत द्यायचा नाही."

सासू हा शब्द माझ्या तोंडून निघाला ते माझ्याही नंतर लक्षात आलं. तिने डबा उघडला, वास घेतला आणि घाईने बंद केला. "बाबा! त्यांच्या घरी नेलंत हे?"

"मांजराने नेलं. उदगीरला हे शिजणार नाही, मयू. त्यांनी स्पष्ट सांगितलंय. तू विचार कर."

"मला माहीत आहे. माझं शिवकुमारशी आधीच बोलणं झालंय. तुम्हाला काय वाटलं ते सांगा."

"तुला पहिल्या वर्षी त्यांची आमटी जमणार नाही."

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे?"

"नाही जमली तरी चालेल, असं ते घर आहे."

ती काही वेळ डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवत राहिली. मग रडू लागली. नर्स असूनही तिला आपलं रडणं कधी थांबवता येत नाही. शिवकुमारने तेव्हा कुठे चहाचा घोट घेतला. गार झाला होता, तरी सगळा प्याला.

कुडाळ

घरी आलो, आईच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. सुमन ऐकत होती. तिने येसराची पुडी उघडून वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली. माशांचं ऐकून तिचं तोंड वाकडं झालं, पाण्याचं ऐकून ती उठून आत गेली.

तिसऱ्या दिवशी बाजारातून येताना तिच्या हातात एक नवं पातेलं होतं. आमच्याकडे पातेली कमी नाहीत.

"ह्या कित्याक?" मी विचारलं.

"ती माणसा बोलणी करूक येतली मां? आमच्या सगळ्या भांड्यांका मासळीचो वास. ह्या आजपासून वेगळा. ह्याच्यात मासळी पडाची नाय."

तिने ते घासलं, चिंचेने आणि राखेने पुन्हा घासलं, आणि शेगडीवर ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिली. नव्या भांड्यात पहिल्यांदा काय करावं, हे तिला ठरवता येत नसावं. आमच्याकडे दूध उतू घालवतात.

"ह्याच्यात पयला काय करू?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "पाणी ठेव."